दोन फुटांचे पाऊल

एकतीस वर्षे लांबूमामा रोज एका आगगाडीला भर रस्त्यातून चालवत धक्क्यावर नेत आले, आणि ती गाडी रस्त्यातून चालताना कशी दिसते हे त्यांनी एकदाही पाहिले नव्हते.

यात कोडे काही नाही. त्या बंदरगावात मोठ्या स्टेशनापासून बोटीच्या धक्क्यापर्यंत सव्वा किलोमीटरचा एक फाटा होता. त्या फाट्याला स्वतःची वेगळी वाट नव्हती. स्टेशनाच्या फाटकातून रूळ बाहेर पडत ते थेट रस्त्यातच. दोन्ही बाजूंना घरे, दुकाने, पायऱ्या, कुंड्या. मध्ये फरशीत रुतलेले रूळ. आणि त्यांवरून सकाळी बोटीचे उतारू घेऊन जाणारी व दुपारी बोटीतून उतरलेल्यांना घेऊन परतणारी पाच डब्यांची गाडी. अशा रस्त्यात इंजिनाला मोकळे सोडता येत नाही. म्हणून नियम असा होता की इंजिनाच्या पुढे दहा पावलांवर एक माणूस चालेल, त्याच्या एका हातात घंटा आणि दुसऱ्या हातात लाल झेंडा असेल, आणि गाडी त्याच्याच चालीने त्याच्या मागून येईल. तो थांबला की गाडी थांबेल. तो माणूस म्हणजे लांबूमामा.

त्यामुळे गाडी कायम त्यांच्या पाठीशी. मागे वळून पाहायची सोय नव्हती. पुढे कोणाची सायकल, कोणाचे मांजर, कोणाचे रांगते मूल रुळांत आले असेल याचा नेम नसे. आठवड्याच्या सुट्टीला बोट बंद, म्हणून गाडीही बंद. एकतीस वर्षांत ते दोनदा आजारी पडले आणि दोन्हीदा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. स्टेशनात उभी असलेली गाडी त्यांनी पाहिली होती, धक्क्यावर उभी असलेलीही. पण उभी गाडी कोणीही पाहतो.

चालती गाडी त्यांना माहीत होती ती तळपायांना. फरशी आधी बारीक थरथरे, मग मानेवर इंजिनाची ऊब येई. आणि माहीत होती ती लोकांच्या चेहऱ्यांवरून. कोपऱ्यावरचा बेकरीवाला रोज त्याच जागी उभा असे, रोज तीच गाडी पाही. पण लांबूमामांच्या डोक्यावरून त्याची नजर वर गेली की त्याचा हात पिठात तसाच राहायचा. सगळा रस्ता असा त्यांच्या डोक्यावरून काहीतरी पाहत असे, आणि त्या पाहण्यातून आपल्या मागे काय येते आहे याचा अंदाज त्यांनी बांधावा, असे चालले होते.

ते या कामावर आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि नुसता लांबू होते. हे नाव त्याला त्याच्या उस्तादाने दिले. उस्तादाला सगळे थोरले म्हणत, आणि थोरले उंचीने लांबूच्या कोपराला लागत. निवृत्तीला आलेला हा बुटका माणूस पहिल्याच दिवशी लांबूला पायांपासून वर पाहू लागला, आणि मान दुखल्यावर म्हणाला, "लांबूशेठ, एवढे पाय कशाला आणलेत? इथे यातले निम्मे पुरतात."

लांबूला वाटले थट्टा. तिच्यात किती अर्थ होता ते त्याला कळले पहिल्यांदा एकट्याने गाडी नेली त्या दिवशी. गाडी दहा पंधराला फाटकातून निघायची आणि दहा बत्तीसला धक्क्यावर लागायची, सतरा मिनिटांत. वेळापत्रक छापणाऱ्याला ठाऊक नसेल, पण ती सतरा मिनिटे थोरल्यांच्या पायांची होती. सेकंदाला दोन पावले, पाऊल दोन फुटांचे, एकूण दोन हजार पन्नास पावले. लांबूचे पाऊल सव्वादोन फुटांचे पडे. तीन बोटांचा तो फरक. त्यात काय आहे, असे कोणालाही वाटेल.

रस्त्याच्या मध्यावर एक वळण होते आणि त्या वळणावर घड्याळजींचे घर. तिथे डबे पायरीपासून चार बोटांवरून जात. घड्याळजी ठार बहिरे. उजेड चांगला म्हणून ते खुर्ची रुळांच्या कडेला टाकून, डोळ्याला भिंग लावून घड्याळे दुरुस्त करत बसत. घंटा त्यांना ऐकू येत नसे आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. गाडी वळणावर दहा चोवीसला येई. ते दहा चोवीसला अर्धे मिनिट असताना उठत, खुर्ची आत नेत, आणि गाडी गेली की परत आणत. सारी हयात त्यांनी हे असे केले होते.

त्या दिवशी लांबू दहा तेवीसला वळणावर आला. घंटा वाजवत आला, ओरडत आला. भिंगाखालच्या माणसाने मान वर केली नाही. लांबूने झेंडा आडवा धरला, मागे ब्रेक किंचाळले, तरी गाडी जागच्या जागी थोडीच थांबते? त्याने धावत जाऊन म्हाताऱ्याला दंडाला धरून ओढले आणि दोघे दारात पडले. गाडी थांबली तेव्हा खुर्ची पायरी आणि डब्याच्या मध्ये होती, आणि तिला खुर्ची म्हणण्यासारखे काही उरले नव्हते.

घड्याळजी उठून बसले. भिंग अजून डोळ्यालाच होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिले नाही. खिशातले घड्याळ काढून लांबूच्या नाकासमोर धरले आणि बहिरी माणसे बोलतात तसे साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "एक मिनिट लवकर आलात."

लांबूने पुढे अनेकांना सांगितले, की त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून थोरल्यांनी शिकवणी सुरू केली. पहाटे, रस्ता रिकामा असताना, त्यांनी लांबूच्या दोन्ही घोट्यांना दोन फुटांची दोरी बांधली आणि त्याला रुळांतून स्टेशन ते धक्का चालायला लावले. पाऊल वाढले की दोरी ओढ घेई आणि लांबू तोंडावर आपटायच्या बेतात येई. दूधवाल्याने विचारले, "थोरले, घोडा पळून जातो की काय?" थोरले म्हणाले, "पळतो, म्हणून तर बांधलाय." महिनाभर हे चालले. महिन्यानंतर दोरी सुटली, पण पाऊल दोन फुटांचेच राहिले. पुढची सगळी वर्षे तो उंच माणूस एका बुटक्या माणसाच्या चालीने चालला. रस्त्यातल्या लोकांना त्याचे हसू येई. आणि त्याच चालीवर ते घड्याळे लावत.

राहिली खुर्ची. ती दुरुस्त करून द्यायची म्हणून लांबू संध्याकाळी घड्याळजींच्या घरी जाऊ लागला. खुर्चीला चार पाय, पण दुरुस्तीला पाच महिने लागले, कारण दिव्याजवळ घड्याळजींची मुलगी बसलेली असे. शेवटी घड्याळजींनीच विचारले, की हे काम खुर्चीचे आहे की आणखी कशाचे. अशा रीतीने लांबू वळणावरच्या घराचा जावई झाला.

बायको खिडकीतून रोज गाडी पाही. जेवायला बसल्यावर लांबू विचारी, "आज कशी दिसत होती?" आणि ती सांगे. कधी म्हणे, तुम्ही पुढे आणि मागून एक अख्खी आळी चालत येतेय, असं वाटलं. कधी म्हणे, पाऊस पडून गेल्यावर काचांत सगळी घरं दिसतात. एकदा म्हणाली, "एवढं मोठं जनावर आणि तुमच्या मागून कसं गुमान येतं हो." तो म्हणे, "मला काय दिसतंय? माझ्यापुढे बेकरीवाला असतो." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी.

मग धक्क्यात गाळ भरत गेला, मोठ्या बोटी पलीकडच्या नव्या बंदरात गेल्या, आणि फाटा बंद पडला. लांबूमामा निवृत्त झाले. घड्याळजी त्याआधीच गेले होते, थोरले तर कधीच. बायको गेली त्याला सहा वर्षे झाली. लेक पोस्टात टपाल वाटायचे काम करते. ती वडिलांबरोबर वळणावरच्या घरात राहायला आली. बावीस वर्षे रुळांवरून चाक फिरले नाही.

अशात स्टेशनवर नवीन स्टेशनमास्तर बाई आल्या. तरुण, चष्मा लावणाऱ्या, वहीत सगळे टिपून घेणाऱ्या. रस्ता नवा करायचा म्हणून रूळ उखडण्याचे ठरले होते, आणि त्याआधी एका रविवारी शेवटची गाडी न्यावी अशी गावाची मागणी होती. पलीकडून एक छोटी बोट भरतीच्या पाण्यावर जुन्या धक्क्याला येणार होती. बाई मोजपट्टी घेऊन रस्ता पाहायला निघाल्या. बावीस वर्षांत लोकांनी काय काय मांडून ठेवले असेल, ते सगळे हलवायला किती दिवस लागतील, याची यादी करायची होती.

त्या वळणावर आल्या तेव्हा वही कोरी होती. लांबूमामा पायरीवर बसले होते. बाईंनी विचारले, की इथे गाड्या रुळांपासून लांब लावायच्या असा काही नियम आहे का, पाटी कुठे दिसली नाही. कारण एकही मोटार रुळांत नव्हती. कुंड्या, सायकली, बेकरीची फळी, गेल्या वर्षी बांधलेला एक सज्जासुद्धा गाडीच्या रुंदीच्या बाहेर होता. गाडी होती तेव्हा जी जन्मलीही नव्हती अशी मुले तिथे राहत होती; त्यांच्याही सायकली रुळांच्या बाहेर होत्या.

"नियम नाही," लांबूमामा म्हणाले. "गाडीची जागा आहे ती."

बाई बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वही मिटली आणि खरी अडचण सांगितली. नियमपुस्तक जुने असले तरी लागू होते. पुढे चालणाऱ्याशिवाय इंजिन रस्त्यात आणता येत नाही, आणि त्या माणसाची चाल आधी तपासून घ्यावी लागते. सतरा मिनिटे, ना कमी ना जास्त. त्याहून उशीर झाला तर दीडशे उतारू चढेपर्यंत भरती उतरेल आणि बोट गाळात बसेल. चालणारा नसेल तर गाडी नाही. सोमवारी रूळ निघतील.

"माणूस आहे की," म्हणून लांबूमामा उठले. उठताना त्यांचा उजवा गुडघा कटकन वाजला. तो आवाज बाईंनी ऐकला आणि ऐकला नाही असे केले.

दुसऱ्याच दिवशी चाचणी झाली. लांबूमामा घंटा घेऊन, जुनी टोपी घालून फाटकातून निघाले. वळणापर्यंत मान ताठ होती. पुढे गुडघा बोलू लागला, पाऊल कधी दीड फुटाचे पडे कधी एकाचे, आणि बेकरीपाशी त्यांना भिंतीला हात लावावा लागला. धक्क्यावर बाईंनी घड्याळ पाहिले. "एकवीस, मामा."

"घड्याळ पुढे असेल तुमचं," लांबूमामा म्हणाले. घड्याळजींच्या जावयाने असे म्हणावे, याची त्यांना म्हणता म्हणताच लाज वाटली.

आणखी दोनदा पाहिले. एकदा बावीस, एकदा पुन्हा एकवीस. बाई वाईट काही बोलल्या नाहीत. गाडी रद्द असे कळवावे लागेल, एवढेच म्हणाल्या. घरी आल्यावर लेक म्हणाली, "मी चालते बाबा."

"तू?" म्हातारा चिडला होता, गुडघ्यावर आणि जगावर. "तू दर दाराशी थांबशील. आणि तुझे पाय बघितलेस का? माझेच आहेत."

ते खरे होते. लांबूची लेकही लांब होती. टपालाची पिशवी खांद्याला लावून ती दिवसभर चालत असे, आणि तिच्या बरोबरीने चालणाऱ्याला पळावे लागे. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या पहाटे एकटीच उठून फाटकापाशी गेली आणि घड्याळ लावून चालली. दोन दारांशी सवयीने पाय अडखळला तरीही पंधरा मिनिटांत धक्क्यावर पोहोचली. परत येऊन तिने चहा ठेवला आणि आकडा सांगितला.

लांबूमामा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. गाडी त्यांच्या मागून येत असे, दुसऱ्या कोणाच्या मागून ती येऊ शकेल हा विचारच त्यांनी कधी केला नव्हता. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लेकीला कपाट उघडल्याचा आवाज आला. बाबा जमिनीवर बसले होते, गुडघा लांब करून, आणि हातात एक काळपट दोरी होती. बरोबर दोन फूट. ती अजून घरात आहे हे तिला माहीत नव्हते.

"पाय कर इकडे," ते म्हणाले.

आठ दिवस ती लांब बाई घोट्यांना दोरी बांधून पहाटेच्या रस्त्यातून चालली आणि म्हातारा पायरीवरून सेकंदाला दोन असे ठोके काठीने देत राहिला. बेकरीवाला, म्हणजे आता जुन्या बेकरीवाल्याचा मुलगा, दारात येऊन म्हणाला, "ताई, आमचं टपाल आता दिवाळखोराच्या उधारीसारखं रखडणार वाटतं." तिने न थांबता सांगितले, की तुझं काही आलंच तर बघू. नवव्या दिवशी दोरी सोडून बाईंसमोर चालली. सतरा मिनिटे, वर चार सेकंद. बाईंनी सही केली.

रविवारी लांबूमामांनी दुरुस्त केलेली ती खुर्ची दाराच्या आत ठेवली आणि सासऱ्यांचे घड्याळ हातात घेऊन बसले. त्यांना एक काम होते. लेक वळणावर येईल तेव्हा घड्याळ पाहायचे आणि बोटांनी खूण करायची, की लवकर आहे, उशीर आहे, की बरोबर. घंटा सुरू झाली तशी त्यांनी आणखी एकदा घड्याळ पाहिले. दहा पंधरा. म्हणजे निघाली.

आधी पायांना कळले. फरशीची ती बारीक थरथर खुर्चीच्या पायांतून वर चढली, आणि बावीस वर्षांनी त्यांचे तळपाय जागे झाले. समोरच्या गच्चीतली माणसे बोलता बोलता गप्प झाली. बेकरीवाल्याने फळी आत घेतली. त्याला कोणी सांगितले नव्हते, त्याच्या बापाला कधीकाळी पाहिले असेल तेवढेच. मग घंटा जवळ आली आणि वळणातून लेक दिसली. टोपी त्यांची, झेंडा त्यांचा, नजर सरळ पुढे, पाऊल दोन फुटांचे. त्यांनी बोटे तयार ठेवली.

आणि तिच्या मागून ती आली.

घरांच्या मधून दुसरे घर चालत यावे तशी आली. इंजिनाचे कपाळ वरच्या मजल्याच्या खिडक्यांना लागत होते. आवाज होईल असे लांबूमामांना वाटले होते, पण एवढी मोठी गोष्ट जवळजवळ श्वास टाकावा तेवढाच आवाज करत होती. चाके इतकी सावकाश फिरत होती की एकेका चाकावरचा चकाकता पट्टा फरशीवरून वर चढताना आणि पुन्हा खाली उतरताना दिसत होता. वळणावर ती कमरेत वाकली. लोखंडाची आणि वाकली, एखाद्या समजूतदार जनावरासारखी, पायरीला न लागता, चार बोटे सोडून. डब्यांच्या काचांतून समोरची घरे सरकत गेली: बेकरी, गच्ची, गच्चीवरचे कपडे, आणि मग एका काचेत उघडे दार, दारात खुर्ची, खुर्चीत तोंड उघडे टाकून वर पाहणारा एक म्हातारा. तो कोण हे कळायला लांबूमामांना एक क्षण लागला. एकतीस वर्षे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी पाहिलेला तो चेहरा होता.

हे माझ्या मागून येत होते, त्यांच्या मनात आले. रोज. हे एवढे. आणि मी बेकरीवाल्याकडे बघत पुढे चालत होतो. त्यांच्या अंगावर काटा आला. भीती वाटायची तर ती एवढ्या वर्षांनंतर वाटली, आणि ती भीतीसुद्धा फार गोड होती. पाचवा आणि शेवटचा डबा गेला. त्याच्या मागे रस्ता होता तसाच होता, रूळ तेवढे दोन रेघांसारखे उजळले होते.

घड्याळ हातात उपडे पडले होते. खूण करायची राहून गेली होती. ते धडपडत उठले, दारात आले. गाडी दूर बेकरीपलीकडे गेली होती आणि तिच्या पुढे घंटा वाजत होती, सेकंदाला दोन पावलांची. आता तिला सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. त्यांनी घड्याळ सुलटे केले आणि काट्यावर नजर लावून दारातच उभे राहिले. दहा एकतीस. दहा बत्तीस. घंटा थांबली, आणि धक्क्यावरून बोटीचा भोंगा आला.

पाऊण तासाने लेक घरी आली. बोट भरतीत सुटली होती. टोपीखाली तिचे केस ओले झाले होते आणि ती चिडली होती.

"बाबा, खूण का नाही केलीत? वळणापासून धक्क्यापर्यंत जीव टांगणीला माझा. किती झाले होते?"

"नाही बघितले," लांबूमामा म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिले, आणि टोपी काढून त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. आई असताना रोज जेवणाच्या वेळी या घरात जे विचारले जाई, ते तिने विचारले. "कशी दिसत होती?"

लांबूमामांनी सांगायला तोंड उघडले. हात वर नेला, मजला दाखवला, मग वळण दाखवले, मग हात तसाच हवेत राहिला.

"तुझी आई," ते शेवटी म्हणाले, "कमीच सांगायची गं."

 लेक पाय चोळत उठली, कारण परतीची गाडी दोन वाजता होती आणि तिच्या पुढेही तिलाच चालायचे होते. लांबूमामा दीड वाजल्यापासूनच खुर्चीत येऊन बसले. या खेपेला घड्याळ त्यांनी आतच ठेवले होते.